होकुलेआची माणसे : बिनपगारी खलाशांच्या एका नौकेचा इतिहास (दीर्घ धागा)

मे महिन्याच्या मध्यावर, रात्री साडेअकराच्या सुमारास मुंबईत एखाद्या गच्चीवर उताणे पडून पाहिले, तर थेट माथ्यावर नारिंगी तेजाची एक ठळक तारका दिसते. ती स्वाती. तिची क्रांती सुमारे १९ अंश उत्तर आहे आणि मुंबईचा अक्षांशही तेवढाच; म्हणून ती रोज या शहराच्या डोक्यावरून जाते. प्रशांत महासागराच्या ऐन मध्यात असलेली हवाई बेटेही साधारण याच अक्षांशाच्या पट्ट्यात येतात. तिथल्या भाषेत स्वातीला ‘होकुलेआ’ म्हणतात, म्हणजे आनंदाचा तारा. दक्षिणेकडून परतणाऱ्या हवाईयन दर्यावर्दीच्या माथ्यावर स्वाती आली, की आपण घराच्या अक्षांशावर पोहोचलो हे त्याला कळे.

मित्रहो, आजचा धागा या ताऱ्याचे नाव धारण करणाऱ्या एका शिडाच्या नौकेविषयी आहे. तिच्याविषयी जे लेखन आढळते, त्यात बहुधा होकायंत्रावाचून केलेल्या सागरसंचाराचेच कौतुक असते. ते रास्तही आहे. परंतु त्या नौकेवर राहणाऱ्या माणसांचा इतिहास माझ्या मते त्याहून अवघड आहे. स्वेच्छेने, विनावेतन आलेली पंधरा-सोळा माणसे साठ फुटांच्या जागेत महिनाभर एकत्र कशी राहतात? १९७६ साली होकुलेआला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. ते सापडायला पुढची चार वर्षे जावी लागली, आणि त्या वाटेवर एका माणसाचा जीव गेला.

प्रथम थोडी पार्श्वभूमी.

उत्तरेस हवाई, नैऋत्येस न्यूझीलंड आणि आग्नेयेस रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट, या तीन टोकांच्या विराट त्रिकोणाला पॉलिनेशिया म्हणतात. युरोपीय जहाजे तिथे पोहोचली तेव्हा हजारो मैलांनी विखुरलेल्या या बेटांवर एकमेकांशी नाते सांगणाऱ्या भाषा बोलल्या जात होत्या. ही माणसे तिथे गेली कशी? १९४७ साली थोर हायरडालने ‘कॉन-टिकी’ हा तराफा पेरूहून सोडला आणि १०१ दिवसांनी तो तुआमोतू द्वीपसमूहातील रारोइआला लागला. त्यावरून पॉलिनेशियन लोक दक्षिण अमेरिकेतून वाऱ्यासोबत वाहत आले असावेत, असा तर्क त्याने लोकप्रिय केला. १९५६ साली न्यूझीलंडचा इतिहासकार अँड्र्यू शार्प याने निराळीच बाजू मांडली : उपकरणांवाचून एवढ्या अंतरावरचे बेट हेतुपूर्वक गाठणे अशक्य, सबब बहुतेक बेटे वाट चुकलेल्या होड्यांनी अपघाताने वसवली. दोन्ही मतांचा मथितार्थ एकच होता. पॉलिनेशियन माणूस दर्यावर्दी नव्हता, वाहून आलेला ओंडका होता.

या मताची परीक्षा घेण्यासाठी १९७३ साली होनोलुलूत ‘पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी’ स्थापन झाली. मानववंशशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब काने आणि समुद्रात वाढलेला टॉमी होम्स हे तिचे संस्थापक. जुन्या घाटाची जोडनौका बांधायची आणि एकही उपकरण न वापरता हवाईहून ताहितीला न्यायची, असा त्यांचा बेत होता.

जोडनौका म्हणजे काय, ते कोकणच्या वाचकाला पटकन कळेल. आपल्या उलांडी होडीला तोल राहावा म्हणून बाजूला एक लाकूड जोडलेले असते. त्या लाकडाच्या जागी दुसरी पूर्ण होडी आहे अशी कल्पना करावी. दोन लांब, अरुंद होड्या समांतर ठेवलेल्या, त्यांना आडव्या तुळयांनी जोडलेले, तुळयांवर फळ्यांचा तळ, आणि खेकड्याच्या नांगीसारख्या आकाराची दोन शिडे. लांबी सुमारे ६२ फूट. होड्या प्लायवूड आणि फायबरग्लासच्या, कारण एवढे मोठे लाकूड कोरणारे कारागीर आणि वेळ दोन्ही नव्हते. पण जोडणी मात्र जुन्या रीतीची. तुळया खिळ्यांनी ठोकलेल्या नसून दोरीने आवळून बांधलेल्या आहेत. मैलोगणती दोरी त्यात गेली. दोरीची बांधणी लाटेसरशी किंचित हलते, आणि जी जोडणी हलते ती सहसा मोडत नाही. ८ मार्च १९७५ रोजी ओआहू बेटावरील कुआलोआच्या किनाऱ्यावरून नौका पाण्यात उतरली.

येथवर सारे सुरळीत होते. अडचण माणसांपाशी सुरू झाली.

या नौकेवर येणाऱ्या कोणालाही पगार नव्हता. कोणी जीवरक्षक होते, कोणी लाटांवर स्वार होणारे, कोणी अभ्यासक. प्रत्येक जण आपली नोकरी, आपला संसार बाजूला ठेवून आला होता. पण ते एकाच कारणासाठी आले नव्हते. फिनींसारख्यांसाठी ही एक वैज्ञानिक चाचणी होती. तिच्या अटी काटेकोर पाळल्या तरच निष्कर्षाला किंमत होती. तरुण हवाईयनांच्या मनात मात्र दुसराच इतिहास धगधगत होता. १८९३ साली त्यांचे राज्य उलथवले गेले होते, १८९६च्या कायद्याने शाळांतून त्यांच्या भाषेतील शिक्षण बंद झाले होते, १८९८ साली अमेरिकेने बेटे आपल्या ताब्यात घेतली होती. हुला नृत्य, भाषा, गाणी पुन्हा शिकण्याची जी चळवळ सत्तरच्या दशकात उसळली, तिचे सर्वांत देखणे प्रतीक म्हणजे ही नौका. त्यांना ती प्रयोगाचे साधन म्हणून नको होती. ती त्यांना आपली म्हणून हवी होती. मग आमच्या पूर्वजांच्या नौकेवर हुकूम गोऱ्या प्राध्यापकांनी का द्यावेत?

हा प्रश्न किनाऱ्यावरच सोडवायला हवा होता. तो तसाच नौकेवर चढवला गेला.

आणखी एक पेच होता. ताऱ्यांवरून नौका नेणारा एकही माणूस हवाईत उरला नव्हता. शेवटी शोध जाऊन थांबला तो मायक्रोनेशियातील सातावल या इवल्याशा प्रवाळबेटावर. तिथला माऊ पियाइलुग तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. आजोबांनी त्याला अगदी लहानपणापासून घडवले होते. तान्ह्या वयात त्याला खडकांतल्या भरतीच्या डबक्यात ठेवत, म्हणजे पाण्याची ओढ अंगात भिनावी. होडीच्या तळाशी आडवे पडून, लाटा कोणत्या दिशांनी येऊन धडकत आहेत हे तो शरीराने ओळखे. सातावलच्या वडीलधाऱ्यांना ही विद्या परक्यांना देणे पसंत नव्हते. पण माऊला दिसत होते की त्याच्या स्वतःच्या बेटावरील मुलेही ती शिकेनाशी झाली आहेत.

निघण्यापूर्वी माऊने साऱ्या चमूला जवळ बसवून मोजक्या शब्दांत बजावले. त्याचा आशय असा : मनाला जे काही लागून राहिले आहे ते जमिनीवरच टाका, समुद्रावर ते आणू नका, तिथे कप्तानाचा शब्द अखेरचा. आमच्या कोळीवाड्यांतील तांडेलही नव्या खलाशाला याहून वेगळे काय सांगत असेल?

१ मे १९७६ रोजी माऊई बेटाच्या होनोलुआ उपसागरातून होकुलेआ निघाली. कप्तान होते काविका कापाहुलेहुआ, नीहाऊ बेटाचे, मातृभाषा म्हणून हवाईयन बोलणारे. सोबत सुमारे पंधरा माणसे, आणि पूर्वजांनी नव्या बेटांवर काय काय नेले असेल ते तपासण्यासाठी एक कुत्रा, एक डुक्कर, कोंबड्या आणि ओलसर गुंडाळलेली रोपे. घड्याळ नाही, होकायंत्र नाही, नकाशा नाही. मागून एक साहाय्यक नौका येत होती. ती होकुलेआचे स्थान टिपून ठेवी, पण कळवत नसे.

ताहिती सुमारे अडीच हजार मैलांवर, विषुववृत्ताच्या पलीकडे. आधी ईशान्य व्यापारी वारे, मग विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टा, पुढे आग्नेय वारे. वारा आणि प्रवाह नौकेला सतत पश्चिमेकडे ढकलणार, म्हणून सुरुवातीपासूनच जमेल तेवढे पूर्वेला सरकत राहायचे. माऊ रात्रंदिवस जागा. आणि त्याच्या पाठीमागे, काही हातांवर, चमू दुभंगत चाललेला.

वारा पडला की शिडाच्या नौकेवर करायला काम उरत नाही, आणि काम नसलेल्या माणसाला शेजाऱ्याचे दोष फार स्पष्ट दिसू लागतात. अन्न कमी, झोप ओली, सावली तोकडी. काही जणांनी नेमून दिलेली कामे करण्याचे सोडले. ‘तुमचा प्रयोग’ आणि ‘आमची नौका’ असे दोन तट पडले. प्रवासाच्या अगदी अखेरीस, मजल जवळजवळ मारलेली असताना, प्रकरण हातघाईवर आले आणि नेतृत्व करणाऱ्यांवर हात उगारला गेला. मार खाणाऱ्यांत स्वतः फिनी होते. पुढे १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग दडवला नाही, ही इतिहासकाराच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. विजयाच्या कथेतून असले पान गाळून टाकण्याचा मोह किती असतो, हे बखरी वाचणाऱ्यांना सांगायला नको.

नौका मात्र माऊने अचूक नेली. जून उजाडताच तुआमोतूंतील मातायवा हे प्रवाळबेट दिसले, आणि ४ जूनला होकुलेआ ताहितीच्या पापेएते बंदरात शिरली. किनाऱ्यावर सुमारे सतरा हजार माणसे लोटली होती. पोरे पाण्यात उड्या घेऊन नौकेवर चढली, इतकी की मागचा भाग बुडू लागला. ओरडून उतरवावे असे कोणालाच वाटले नाही. शार्पचा सिद्धान्त त्या दिवशी पराभूत झाला, असे आपण म्हणतो.

गर्दी जल्लोष करत होती, तेव्हा माऊने निर्णय घेतला होता. परतीच्या प्रवासाला तो येणार नव्हता. ध्वनिफितीवर निरोप ठेवून तो विमानाने निघून गेला. निरोपाचा गाभा हाच की नौकेवर जे पाहिले ते त्याला मान्य नाही, आणि त्याला शोधत कोणी येऊ नये. ज्या एका माणसामुळे हे सारे शक्य झाले, त्याने त्या समाजाचा भाग राहण्यास नकार दिला. होकुलेआ नवा चमू घेऊन, या खेपेस उपकरणांच्या मदतीने, जुलैअखेर हवाईला परतली. त्या चमूत दोन स्त्रिया होत्या, आणि नायनोआ थॉम्प्सन नावाचा तेवीस वर्षांचा एक अबोल तरुण.

इथे कोणी म्हणेल : भांडणे कुठे होत नाहीत? कोलंबसाच्या जहाजांवर झाली, मॅगेलनच्या जहाजांवर तर देहदंडापर्यंत गेली. खरे आहे. पण त्या जहाजांवर पगार होता, राजाची सनद होती आणि चाबूक होता. स्वेच्छेने आलेल्या माणसाला बांधून ठेवणारे यातले काहीच होकुलेआपाशी नव्हते. तो कोणत्याही क्षणी हात आखडता घेऊ शकत होता, आणि नौकेच्या मध्यावर बसून तो ‘नाही’ म्हणाला तर त्याला कामावरून काढून पाठवायचे कुठे?

१९७८ साली दुसऱ्यांदा ताहितीला जायचे ठरले. या खेपेस नौका हवाईयनांच्याच हाती असणार होती. १६ मार्चच्या संध्याकाळी, खवळलेल्या समुद्रात, ती होनोलुलूहून निघाली. सोबत साहाय्यक नौका नव्हती. नौका सामानाने जड झालेली. किनाऱ्यावर जमलेले लोक, वृत्तपत्रांचे छायाचित्रकार, भाषणे, हार : अशा वेळी ‘आज नको, वारा उतरू द्या’ हे शब्द उच्चारायला जे बळ लागते ते कोणापाशी नव्हते. मध्यरात्रीच्या सुमारास मोलोकाई बेटाजवळ एका होडीत पाणी भरले आणि नौका उलटली. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी सारे जण पालथ्या तळाला धरून राहिले. वर विमाने जात होती, पण कोणाला दिसत नव्हते.

चमूत एडी आयकाऊ होता. ओआहूच्या वायमेआ उपसागरावरचा जीवरक्षक. ज्या लाटांत इतर उतरायला धजत नसत त्यांत उतरून त्याने शेकडो जीव वाचवले होते. होकुलेआवर त्याला यायचे होते ते एकाच दृश्यासाठी : ताहिती समुद्रातून वर येताना पाहायची. १७ मार्चला, लानाई बेटावर जाऊन मदत आणतो असे सांगून तो आपल्या लाटफळीवर पालथा पडला आणि हातांनी पाणी मारत निघाला. त्या संध्याकाळी नौकेवरून सोडलेला उजेडाचा बाण एका प्रवासी विमानातून दिसला आणि तटरक्षकांनी उरलेल्या सर्वांना वाचवले. एडी पुन्हा कोणालाच दिसला नाही.

अनेकांना वाटले, आता पुरे. नौका संग्रहालयात ठेवावी.

माझ्या दृष्टीने होकुलेआच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९७६ नाही. ते आहे १९७९. ज्या वर्षी ती कोठेही दूर गेली नाही, आणि म्हणून ज्याच्याविषयी चित्रपट निघत नाहीत. त्या काळात नायनोआचे वडील मायरन ‘पिंकी’ थॉम्प्सन यांनी संस्थेची धुरा घेतली. ते समाजकार्याच्या क्षेत्रातले, दर्यावर्दी मुळीच नव्हते. बहुधा म्हणूनच त्यांनी प्रश्न उलट्या बाजूने धरला. नौका कशी न्यायची याआधी ती कशासाठी न्यायची, यावर सर्वांचे एकमत हवे. पूर्वज बेट शोधायला निघत तेव्हा ते बेट क्षितिजापलीकडे असले तरी मनात आधी दिसत असे, असे ते सांगत. एडीच्या मृत्यूनंतर थांबलो तर मुलांना आपण काय शिकवले, हाही त्यांचा प्रश्न होता.

मग नियम आले. ते वाचायला रूक्ष आहेत, पण त्यातला प्रत्येक नियम कोणत्या तरी रात्रीची किंमत मोजून आलेला आहे. साहाय्यक नौकेवाचून लांबचा प्रवास नाही. हवामान ठीक नसेल तर निघणे नाही, किनाऱ्यावर कोणीही उभे असो. नौकेची डागडुजी, मापे, वजन यांची फेरतपासणी. आणि चमूची निवड आता पोहण्याच्या ताकदीवर किंवा नावलौकिकावर नाही. जो महिनोन् महिने येऊन फळ्या घासतो, दोऱ्या बांधतो, सरावाला वेळेवर हजर राहतो, आणि दुसऱ्याच्या चुकीवर ओरडत नाही, त्याला जागा.

एक काम राहिले होते. माऊला परत आणायचे. शोधत येऊ नका असे सांगून गेलेल्या माणसाला नायनोआने शोधून काढले आणि शिकवण्याची विनंती केली. माऊने लगेच होकार दिला नाही. १९७९ साली तो हवाईत आला, तो मुख्यतः या कारणासाठी, की तुम्ही जाणारच आहात तर पुन्हा कोणी मरू नये.

त्या शिकवण्यातला एक प्रसंग हवाईत आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. प्रवासापूर्वी ओआहूच्या एका कड्यावर उभे राहून माऊने विचारले, ताहिती कोणत्या दिशेला? नायनोआने बोट दाखवले. मग विचारले, बेट तुला दिसते का? हा प्रश्न ऐकून गणिती मनाचा तो तरुण गोंधळला असणार. प्रत्यक्ष नाही, पण मनात त्याची आकृती दिसते, असे त्याने उत्तर दिले. ती हरवू देऊ नकोस, हरवलीस तर तूही हरवशील, अशा आशयाचे काही माऊ बोलला आणि ते घरी परतले.

१९८०च्या मार्चमध्ये होकुलेआ हिलोहून निघाली. वाट दाखवणारा नायनोआ, कप्तान गॉर्डन पीआयानाया. माऊ नौकेवर होता, पण बोलत नव्हता. जवळजवळ महिनाभर त्याने शिष्याला एकही सूचना दिली नाही. जमीन जवळ आल्याची चिन्हे दिसू लागली तेव्हा एके सकाळी एक पक्षी उडताना दिसला. सकाळी पक्षी बेटाकडून समुद्राकडे जातात, म्हणून तो ज्या बाजूने आला तिकडे बेट असणार, असा नायनोआचा हिशेब. तेव्हा माऊ उठला आणि नौका वळवून पक्ष्यामागे न्यायला सांगितली. पक्ष्याच्या चोचीत मासा होता. पिलांना भरवायला तो घरट्याकडे परतत होता. काही वेळाने बेट दिसले.

हे असे घडू शकले, कारण तोवर चमूने त्या दोघांना जपले होते. होकुलेआवर वाट शोधणारा दिवसाचे वीस-वीस तास जागा असतो. काही मिनिटे डोळा लागतो तेवढीच झोप. निघाल्यापासून किती वेग, कोणती दिशा, किती वाहत गेलो, हे सारे त्याच्या डोक्यात असते. कागदावर काहीच नाही. त्याची तंद्री मोडली तर हिशेब मोडतो. त्यामुळे बाकीच्यांचे अर्धे काम म्हणजे त्याला लागेल ते न विचारता आणून देणे आणि त्याच्याभोवती शांतता राखणे.

उरलेले दिवस कसे जातात? चमू तीन पाळ्यांत विभागलेला असतो. चार तास काम, आठ तास मोकळे, पुन्हा चार तास काम. मागे ‘होए उली’ नावाचे लांबलचक सुकाणू-वल्हे. समुद्र खवळला की ते धरायला दोन-तीन माणसे लागतात, आणि चूक झाली तर ते बरगडीत बसते. झोपायला होडीच्या पोकळीवर टाकलेली फळी आणि वर कॅनव्हासचे छत, माणूस जेमतेम आडवा मावेल एवढी जागा. कॅनव्हास गळतो. फळीखाली अन्नपाणी. कोणाची गादी कोणाच्या शिध्यावर आहे हे सर्वांना पाठ असावे लागते, कारण रात्री काही काढायचे तर एकाला उठवावेच लागते. स्वयंपाक फळ्यांच्या तळावरील छोट्या शेगडीवर. आंघोळ बादलीभर खाऱ्या पाण्याची. शौचास जायचे तर कमरेला सुरक्षा-पट्टा बांधून, कठड्याच्या बाहेर, शेजाऱ्याला सांगून. सांगायचे एवढ्यासाठी, की परत आला नाही तर कोणाच्या तरी लक्षात यावे. एकांत नावाची वस्तू या नौकेवर नाही. ‘हे वा’आ हे मोकू, हे मोकू हे वा’आ’ अशी हवाईयन म्हण आहे : नौका म्हणजे बेट, बेट म्हणजे नौका. पाणी मोजके, जागा मोजकी, आणि कंटाळा आला म्हणून उतरून जाता येत नाही.

जूनमध्ये होकुलेआ घरी परतली. कित्येक शतकांनंतर एका हवाईयनाने आपल्याच विद्येवर ताहितीला जाऊन येऊन दाखवले होते. १९७६ इतकी गर्दी या खेपेला जगाने केली नाही, पण नौकेवर कोणी कोणावर हात उचलला नव्हता. शिवाय या वेळी माऊ निघून गेला नाही.

पुढचा प्रवास १९८५ ते १९८७ असा दोन वर्षांचा होता, पॉलिनेशियातील बेटाबेटांतून. १९८५च्या डिसेंबरमध्ये होकुलेआ न्यूझीलंडच्या वायतांगीला पोहोचली. तिथे सर जेम्स हेनारे या माओरी वडीलधाऱ्यांनी स्वागत करताना म्हटले, की उत्तरेकडील ताय तोकेराऊच्या पाचही जमाती आपले कूळ नौकांवरून सांगतात. तुम्हीही नौकेने आला आहात, तेव्हा आजपासून तुम्ही आमची सहावी जमात. तिचे नाव ठेवले गेले ‘न्गाती रुआवाहिया’. रुआवाहिया म्हणजे माओरी भाषेत तीच स्वाती. मला हा प्रसंग फार विलक्षण वाटतो. पॉलिनेशियात कुळे अशीच निर्माण झाली असावीत : एका होडीत जे एकत्र बसले, त्यांची पोरे एक जमात झाली. शिक्षक, अग्निशामक, डॉक्टर, मच्छीमार अशा बिनपगारी माणसांचा एक चमू विसाव्या शतकात त्याच रीतीने वंशावळीत दाखल झाला.

नव्वदच्या दशकारंभी, पूर्णपणे लाकडाची नौका बांधावी म्हणून हवाईच्या जंगलांत कोआ वृक्ष शोधले गेले. महिनोन् महिने भटकूनही पुरेसे मोठे दोन वृक्ष मिळाले नाहीत. जंगलेच उरली नव्हती. अखेर अलास्कातील मूलनिवासींनी स्प्रूसचे दोन प्रचंड ओंडके भेट दिले आणि त्यांतून ‘हवाईइलोआ’ ही नौका झाली. नौकेच्या निमित्ताने जमलेली माणसे पुढे वृक्षारोपणाला लागली, ते या शोधामुळे.

माऊने शिकवणे सोडले नाही. २००७ साली सातावलवर त्याने ‘प्वो’ संस्कार केला, म्हणजे वाटाड्याची अधिकृत दीक्षा. नायनोआसह पाच हवाईयनांना त्यात स्थान होते. हवाईयनांनी त्याला त्या वेळी ‘अलिंगानो मायसू’ नावाची जोडनौका गुरुदक्षिणा म्हणून दिली. २०१० साली माऊ वारला.

२०१४ ते २०१७ या काळात होकुलेआने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दीडशेहून अधिक बंदरे, आणि चमूत दोनशेहून अधिक स्वयंसेवक, कारण टप्प्याटप्प्यावर माणसे बदलत. कोणी महिना देई, कोणी दोन, मग विमानाने घरी जाऊन पुन्हा कामावर रुजू होई. येणाऱ्याला पहिल्या दिवशी तीच फळी, तीच पाळी, तीच बादली मिळे. विसाव्या वर्षी आलेली मुले आणि १९७६ पाहिलेले म्हातारे एकाच पाळीत असत.

१७ जून २०१७ रोजी ती होनोलुलूत परतली. सहा वर्षांनी, जून २०२३ मध्ये, अलास्काच्या जुनो बंदरातून ती प्रशांत महासागराच्या नव्या प्रदक्षिणेवर निघाली. ऑगस्टमध्ये माऊई बेटावरील लाहैना शहर आगीत भस्म झाले. १९७६ साली नौका ज्या होनोलुआ उपसागरातून निघाली, तो तिथून काही मैलांवरच आहे. बदललेले हवामान आणि ही आग अशी कारणे देऊन, त्या वर्षाच्या अखेरीस पुढचा प्रवास थांबवण्यात आला, आणि होकुलेआ व तिची भगिनीनौका हिकियानालिया या दोन्ही नौका घरी आणल्या गेल्या.